अलास्काचा विमा हप्ता: ४२ टक्क्यांची वाढ ७ वर कशी आली

२०१६ च्या मध्यावर अलास्काची परिस्थिती अशी होती की पुढच्या वर्षी, ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही अशा माणसांना आरोग्य विमा विकायला अख्ख्या राज्यात एकच कंपनी उरणार होती, आणि त्या कंपनीच्या हिशोबाने हप्ता सरासरी ४२ टक्के वाढवावा लागणार होता. एका वर्षात ४२ टक्के. आधीची दोन वर्षंही तशीच दणदणीत वाढीची गेलेली. प्रत्यक्षात २०१७ ला वाढ झाली ७.३ टक्के, आणि २०१८ ला तर हप्ता वीस टक्क्यांहून जास्त खाली आला. वाढ थांबली एवढंच नाही, हप्ता खरोखर कमी झाला, आणि आरोग्य विम्यात असं किती वेळा होतं ते ज्याने कधी स्वतःची पॉलिसी रिन्यू केलीय त्याला सांगायला नको.

मी पुण्यात बसून अमेरिकेतले हेल्थ क्लेम तपासायचं काम करते, त्यामुळे तिकडचे विम्याचे नियम हा माझा रोजचा विषय. विमा परवडावा म्हणून राज्य सरकारने नक्की काय करायचं, काय केलं तर उपयोग होतो आणि कुठे होत नाही, हे मला अलास्काच्या या प्रकरणाइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसलेलं नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, आकड्यांसकट.

आधी हे लोक कोण ते बघू. अमेरिकेत बहुतेकांचा विमा नोकरीतून येतो, पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी विमा असतो, उत्पन्न फारच कमी असेल तर मेडिकेड हा दुसरा सरकारी विमा. या तिन्हीत न बसणारे जे उरतात त्यांना स्वतःची पॉलिसी बाजारातून घ्यावी लागते. अलास्कात म्हणजे स्वतःची बोट चालवणारे मच्छीमार, छोटे कंत्राटदार, उन्हाळ्यात टुरिस्ट फिरवणारे गाइड, पासष्टीच्या आधीच काम सोडलेली माणसं. राज्याची लोकसंख्या सगळी मिळून सात लाख चाळीस हजारांच्या आसपास, आणि त्यातली स्वतःचा विमा घेणारी माणसं वीस हजारांच्या आसपास. हा वीस हजारांचा आकडा लक्षात ठेवा, सगळी गोची त्यात आहे.

विमा म्हणजे शेवटी वर्गणी. सहा फ्लॅटच्या सोसायटीत लिफ्टची मोटर जळाली की प्रत्येकाच्या माथी केवढे पैसे येतात आणि दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत केवढे येतात, तोच हा प्रकार. समजा एका पेशंटचा वर्षाचा खर्च दहा लाख डॉलर आला. वीस हजार माणसांत वाटला तर माणशी ५० डॉलर. असे वीस पेशंट निघाले की प्रत्येकाच्या वर्षाच्या हप्त्यात हजार डॉलरची भर, फक्त त्या वीस जणांमुळे. कॅलिफोर्नियात हाच बाजार वीसेक लाख माणसांचा, तिथे तेच वीस पेशंट माणशी दहा डॉलरमध्ये निघून जातात, कुणाला कळत पण नाही.

आणि दहा लाख डॉलर हा काही मी उगाच फुगवलेला आकडा नाही. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या पेशंटचा क्लेम बघा. रक्त गोठवणारा जो फॅक्टर टोचतात त्याचं बिल युनिटवर येतं, एका डोसला हजारो युनिट, काहींना आठवड्यात दोन-तीन डोस, आणि हे आयुष्यभर. क्लेमच्या एका ओळीत युनिटचा आकडा गुणिले दर केला की महिन्याला हजारोंनी डॉलर होतात, आणि शरीरात त्या औषधाला विरोध करणाऱ्या अँटिबॉडी तयार झाल्या असतील तर वेगळं औषध लागतं आणि मग वर्षाचा खर्च दहा लाखांच्या पुढे जाऊ शकतो. त्या माणसाने काहीही चुकीचं केलेलं नसतं, तो जन्मतःच तसा आहे. असे दोन-चार पेशंट छोट्या राज्यात असले की अख्ख्या राज्याचा हप्ता हलतो.

त्यात अलास्काचा भूगोल. राज्याची राजधानी जुनो, तिथे रस्त्याने जाताच येत नाही, विमान नाहीतर बोट. कितीतरी गावं अशी आहेत की तिथून पेशंटला हलवायचं म्हणजे एअर ॲम्ब्युलन्स. मोठी ऑपरेशनं असली की लोक सिएटलला जातात. स्पेशालिस्ट डॉक्टर मोजके, त्यामुळे त्यांना कंपनीशी दरावर घासाघीस करायची गरज नाही, ते सांगतील तो दर.

२०१४ पासून अफोर्डेबल केअर ॲक्ट म्हणजे आपण ज्याला ओबामाकेअर म्हणतो त्याचे मुख्य नियम लागू झाले आणि आजारी आहे म्हणून कुणाला विमा नाकारायचा नाही, आजारी आहे म्हणून जास्त हप्ता लावायचा नाही, असं झालं. माझ्या मते हा त्या कायद्यातला सगळ्यात माणुसकीचा भाग. पण त्याच्या आधी असे आजारी लोक अलास्कात वेगळ्या ठिकाणी ठेवलेले असायचे, अलास्का कॉम्प्रिहेन्सिव्ह हेल्थ इन्शुरन्स असोसिएशन नावाची एक संस्था नव्वदच्या दशकापासून होती, कंपन्यांनी नाकारलेल्यांना ती महागात का होईना विमा द्यायची. आता ते सगळे नेहमीच्या बाजारात येऊ शकत होते. हे होणार हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं म्हणून त्यांनी पहिली तीन वर्षं, २०१४ ते २०१६, महागड्या पेशंटचा काही भार केंद्राच्या एका तात्पुरत्या फंडातून उचलायची सोय केली होती. ती २०१६ ला संपणार होती.

दुसरी सोय होती रिस्क कॉरिडॉरची, म्हणजे ज्या कंपनीला अंदाजापेक्षा जास्त तोटा होईल तिला केंद्र काही भरपाई देणार. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने सांगितलं की यंदा मागितलेल्या रकमेच्या फक्त १२.६ टक्केच देता येतील. अलास्कात तेव्हा दोन कंपन्या होत्या, प्रीमेरा ब्लू क्रॉस आणि ओरेगॉनची मोडा हेल्थ. मोडाचं कंबरडं मोडलं, २०१६ च्या सुरुवातीला तिच्यावर दोन राज्यांच्या विमा खात्यांनी देखरेख बसवली, आणि तिने २०१७ पासून अलास्कातल्या वैयक्तिक विम्यातून बाहेर पडायचं ठरवलं. (त्या पैशासाठी कंपन्या पार सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २०२० मध्ये आठ विरुद्ध एक अशा निकालाने जिंकल्या, केंद्राला पैसे द्यावेच लागले. पण अलास्काच्या लोकांना २०१६ मध्ये त्याचा काय उपयोग.)

उरली एकटी प्रीमेरा. ती पण गेली तर? तर केंद्र हप्त्यासाठी देतं ती सबसिडी असून नसल्यासारखी, कारण विकत घ्यायला पॉलिसीच नाही.

खरा मार कोणाला बसत होता

हा भाग नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावर आहे. ओबामाकेअरची सबसिडी अशी चालते: तुमच्या उत्पन्नाचा ठराविक टक्का तुम्ही भरायचा, वरचा हप्ता वॉशिंग्टन, म्हणजे केंद्र सरकार, भरणार. हप्ता हजार होवो नाहीतर दोन हजार, तुमचा वाटा तेवढाच. पण हे फक्त एका उत्पन्न मर्यादेपर्यंत, दारिद्र्यरेषेच्या चौपटपर्यंत. त्याच्यावर एक डॉलर गेलात की सबसिडी शून्य. हळूहळू कमी होत नाही, एकदम कडेलोट.

२०१६ चा हिशोब करून बघू. अँकोरेजमध्ये चाळीस वर्षांच्या माणसाला सिल्व्हर प्लॅन, म्हणजे ज्याच्यावर सबसिडी मोजतात तो, महिन्याला साधारण ७२० डॉलरला पडत होता. वयानुसार हप्ता किती पट हे कोष्टक ठरलेलं आहे, चाळिशीला १.२७८ आणि साठीला २.७१४. म्हणजे साठीच्या माणसाला तोच प्लॅन साधारण १,५३० डॉलर महिना. नवरा-बायको दोघंही साठीचे असतील तर वर्षाला जवळजवळ ३६,७०० डॉलर. दोघांच्या कुटुंबाला त्या वर्षी अलास्कातली मर्यादा होती ७९,६८० डॉलर. उत्पन्न ७९,००० असेल तर त्यांचा वाटा ९.६६ टक्के, म्हणजे साधारण ७,६३० डॉलर. उत्पन्न ८०,००० असेल तर सगळे ३६,७०० स्वतः भरायचे, जवळपास निम्मं उत्पन्न. हजार डॉलर जास्त कमावले म्हणून २९ हजार डॉलर जास्त हप्ता!

आणि याच्यावर ४२ टक्के वाढ येणार होती. एखाद्या मच्छीमाराचा सीझन चांगला गेला की त्याला विमाच सोडून द्यावा लागेल अशी वेळ. आणि सोडणारे कोण असतात, तर तब्येत बरी असलेले, ते म्हणतात बघू पुढच्या वर्षी. मागे राहतात आजारी, मग सरासरी खर्च अजून चढतो, हप्ता अजून वाढतो, अजून लोक सुटतात. विम्याच्या धंद्यात याला डेथ स्पायरल म्हणतात आणि अलास्का त्याच्या तोंडाशी होतं.

५ कोटी ५० लाख डॉलर, आणि तेही तेव्हा

राज्याने काय केलं तर २०१६ च्या जूनमध्ये विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनात हाउस बिल ३७४ मंजूर केलं, गव्हर्नर बिल वॉकर यांनी जुलैत सही केली. त्यात २०१७ सालासाठी ५ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढले. हे पैसे आले राज्यात विमा कंपन्यांकडून जो प्रीमियम टॅक्स (हप्त्यांवरचा कर, बहुतेकांना २.७ टक्के) घेतला जातो त्यातून, म्हणजे गाडीचा विमा, घराचा विमा, सगळं त्यात आलं. एरवी हा पैसा सरळ राज्याच्या तिजोरीत जायचा.

आता ही वेळ कोणती होती बघा. अलास्का चालतं तेलावर, तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, राज्याचा सेल्स टॅक्सही नाही. आणि २०१४ ला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरच्या खाली आलेलं, बजेटला अब्जावधी डॉलरचं भगदाड पडलेलं. तेलाच्या फंडातून प्रत्येक नागरिकाला दरवर्षी जो डिव्हिडंड मिळतो तो वॉकरनी त्याच जूनमध्ये कापला, लोकांच्या हातात माणशी १,०२२ डॉलर पडले, साधारण निम्मे. लोक चिडलेले होते. अशा वेळी वीस हजार माणसांच्या विम्यासाठी माणशी पावणेतीन हजार डॉलरच्या हिशोबाने पैसे काढायचे, आणि ते पण जाणार कुणाकडे तर विमा कंपनीच्या खर्चाला, हे राजकारणात गळी उतरवणं सोपं नव्हतं. ‘कंपनीला फुकटचे पैसे देताय’ हा आक्षेप अगदी साहजिक होता. मला त्या आमदारांचं आणि विमा खात्याच्या तेव्हाच्या डायरेक्टर लोरी विंग-हायर यांचं मनापासून कौतुक वाटतं ते यासाठी, की ज्या वर्षी हात आखडता घ्यायचा सोपा बहाणा समोर होता त्याच वर्षी त्यांनी हे केलं.

यंत्रणा कशी बसवली ते बघण्यासारखं आहे. त्यांनी ३३ आजारांची यादी केली. एचआयव्ही, शरीरात पसरलेला कॅन्सर, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरॉसिस असे महागडे आजार. या यादीतला आजार असलेल्या माणसाचे क्लेम प्रीमेराने वेगळ्या फंडाकडे वर्ग करायचे, आणि त्या माणसाने भरलेला हप्ता पण फंडात द्यायचा, म्हणजे खर्च सरकारचा आणि हप्ता कंपनीचा असला प्रकार नाही. फंड चालवणार कोण तर वर सांगितलेली तीच जुनी असोसिएशन. नवीन महामंडळ नाही, नवीन ऑफिस नाही.

पेशंटला यातलं काहीच कळत नाही. त्याचं कार्ड तेच, डॉक्टर तेच, हप्ता शेजाऱ्याइतकाच. पूर्वी त्याच असोसिएशनकडे जायचं म्हणजे ‘तुम्हाला कुणी घेत नाही म्हणून इथे’ असा शिक्का होता. आता आजारी माणूस सगळ्यांबरोबरच राहतो, वेगळा होतो तो फक्त त्याचा हिशोब, आणि तोही मागच्या खोलीत. पैसे वाचवायच्या नादात आजारी माणसाला बाजूला काढलं जातं हे मी रोज कागदावर बघते, म्हणून ही रचना मला फार सुंदर वाटते.

सगळ्यात महागड्या क्लेमचा भार उतरला तर हप्ता किती कमी लागेल याचा हिशोब कंपनीने परत केला आणि ४२ ची वाढ ७.३ वर आली. राज्याचं विमा खातं दर तपासतं, मंजूर करतं, त्यामुळे पैसे घेतले आणि हप्ता तसाच ठेवला असं करायला जागा नव्हती.

पण दरवर्षी साडेपाच कोटी आणणार कुठून

इथे या प्रकरणातली खरी हुशारी आहे.

एका माणसाचं उदाहरण घ्या, आकडे मी सोयीचे घेतलेत. सिल्व्हर प्लॅनचा हप्ता १,००० डॉलर, त्याचा वाटा ३००, वॉशिंग्टन भरतं ७००. राज्याने स्वतःचे पैसे घालून हप्ता ८०० वर आणला. त्या माणसाचा वाटा ३०० च राहिला, पण वॉशिंग्टन आता ५०० भरणार. म्हणजे खर्च केला अलास्काने आणि २०० वाचले वॉशिंग्टनचे! आणि अलास्कातले बहुसंख्य ग्राहक सबसिडीवालेच, त्यामुळे राज्याने घातलेल्या पैशातला मोठा भाग असा केंद्राच्या खिशात जात होता.

अलास्काने म्हटलं, आमच्यामुळे जे वाचले ते आम्हाला परत द्या, आम्ही परत याच कामात घालतो. ओबामाकेअरच्या कायद्यातच १३३२ नंबरचं कलम आहे, २०१७ पासून लागू, की राज्याला काही नियम बाजूला ठेवून स्वतःची योजना करायची असेल तर परवानगी मागता येते. अटी चार: विम्यात मिळणाऱ्या गोष्टी कमी करायच्या नाहीत, परवडणं कमी करायचं नाही, विमा असणाऱ्यांची संख्या घटू द्यायची नाही, आणि केंद्राची तूट वाढवायची नाही. या चौकटीत बसलात तर केंद्राचं जे वाचतं ते राज्याला मिळतं, त्याला पास-थ्रू म्हणतात.

अर्ज ओबामांच्या शेवटच्या दिवसांत गेला आणि मंजूर झाला ट्रम्पच्या काळात, जुलै २०१७ मध्ये, २०१८ ते २०२२ अशा पाच वर्षांसाठी. रीइन्शुरन्ससाठी, म्हणजे महागड्या क्लेमचा भार कंपनीवरून असा फंडावर घ्यायच्या योजनेसाठी, अशी परवानगी मिळवणारं हे पहिलं राज्य. त्याच्या आधी मार्चमध्ये आरोग्यमंत्री टॉम प्राइस यांनी सगळ्या गव्हर्नरांना पत्र पाठवून अलास्काचं उदाहरण दिलं होतं. गंमत म्हणजे हेच सरकार त्याच जुलैत ओबामाकेअर रद्द करायला निघालं होतं, सिनेटमधल्या रात्रीच्या मतदानात ट्रम्पच्याच रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांनी दिलेलं ‘नाही’ सगळ्यांना आठवतं, पण त्या रात्री नाही म्हणणाऱ्या तीन रिपब्लिकनांपैकी एक अलास्काच्या लिसा मर्काउस्की होत्या. एकाच महिन्यात एकीकडे कायदा मोडायचा प्रयत्न आणि दुसरीकडे त्याच कायद्याच्या कलमाने अलास्काला पैसे, हे दोन्ही झालं.

२०१८ साठी केंद्राकडून ५ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास आले. म्हणजे पहिल्या वर्षी राज्याने जेवढं घातलं होतं साधारण तेवढेच, कार्यक्रमाचा बहुतेक सगळा खर्च त्यातून निघाला. परवानगी देताना केंद्राचा अंदाज होता की २०१८ ला हप्ता २० टक्के कमी राहील आणि १,४६० जास्त माणसं विमा घेतील. हप्ता अंदाजाप्रमाणे उतरला, आणि २०१८ हे वर्ष असं होतं की केंद्राने कंपन्यांची एक भरपाई ऑक्टोबर २०१७ मध्ये अचानक बंद केल्याने देशभर सिल्व्हर प्लॅनचे दर भडकलेले. अशा वर्षी अलास्का खाली! २०२० ला मोडा परत आली, म्हणजे ग्राहकाला परत दोन कंपन्यांत निवड करता यायला लागली. पुढे २०२२ मध्ये परवानगी अजून पाच वर्षं वाढली.

माझं म्हणणं असं आहे की यातला निर्णायक भाग परवानगी हा नव्हता, पहिल्या वर्षीचे स्वतःचे साडेपाच कोटी हा होता. राज्याने आधी पैसे घातले, हप्ता उतरवून दाखवला आणि मग वॉशिंग्टनला हिशोब दाखवला. ओक्लाहोमानेही त्याच वर्षी अर्ज केला होता, पण २०१८ चे दर ठरायच्या वेळेपर्यंत मंजुरी आली नाही म्हणून २०१७ च्या सप्टेंबरमध्ये अर्ज मागे घ्यावा लागला. मिनेसोटाला परवानगी मिळाली पण कमी उत्पन्नवाल्यांसाठी त्यांची जी वेगळी योजना होती, मिनेसोटाकेअर, तिचा केंद्राचा पैसा कापला गेला. एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं.

ज्यांना फायदा झाला नाही

सबसिडीवाल्यांचा वाटा ठरलेला असतो, त्यांना हप्ता उतरल्याचा थेट फायदा नाहीच, उलट काहींना तोटा. वरचंच उदाहरण घ्या. सिल्व्हर १,००० असताना सबसिडी ७०० होती, ब्राँझ हा त्याहून स्वस्त प्लॅन ७०० ला असेल तर तो त्या माणसाला फुकट मिळत होता. सगळे दर २० टक्के उतरले, ब्राँझ झाला ५६०, पण सबसिडी झाली ५००. आता त्याच माणसाला महिन्याला ६० डॉलर भरायचेत. रीइन्शुरन्सचं कौतुक करताना हे पुष्कळदा सांगितलं जात नाही आणि ते सांगायलाच पाहिजे, कारण ६० डॉलर सोडून द्यावेत असं ज्याला परवडत नाही तोच हा माणूस आहे.

दुसरी गोष्ट, याने उपचार एक डॉलरनेही स्वस्त झाले नाहीत. हिमोफिलियाच्या फॅक्टरचा दर तोच, एअर ॲम्ब्युलन्सचं बिल तेच. फक्त ते बिल वीस हजार माणसांऐवजी जास्त मोठ्या समूहाने भरलं. माझ्या मते ते योग्यच आहे, अशा आजाराचा भार खरंतर अख्ख्या देशाने उचलायचा असतो, योगायोगाने त्याच राज्यात राहणाऱ्या आणि नोकरीतून विमा नसलेल्या माणसांनी नाही. पण उपचारांच्या दराचा प्रश्न तिथेच राहिला.

आणि तो किती हट्टी होता याचा नमुना अलास्काच्याच नियमावलीत होता. २००४ पासून तिथे ८० व्या पर्सेंटाइलचा नियम होता: कंपनीच्या नेटवर्कमध्ये नसलेल्या, म्हणजे कंपनीशी दराचा करार न केलेल्या, डॉक्टरकडे गेलात तर त्या भागात त्या उपचाराची जी बिलं लावली जातात त्यातल्या ८० व्या पर्सेंटाइलला जो आकडा येतो, म्हणजे शंभरातली ऐंशी बिलं ज्याच्या आत बसतात तो, धरून कंपनीने पैसे द्यायचे. हेतू चांगला होता, पेशंटच्या डोक्यावर उरलेलं बिल पडू नये. पण ज्या गावात एखाद्या स्पेशालिटीचे दोन-तीनच डॉक्टर आहेत तिथे ८० वा पर्सेंटाइल म्हणजे त्यांनी स्वतःच लावलेला दर! दर वाढवा, पर्सेंटाइल वाढतो, मग कंपनी जास्त देते, आणि नेटवर्कमध्ये यायचं कारणच उरत नाही. या नियमाने खर्च वाढवायला हातभार लावला असं अलास्का विद्यापीठाच्या अभ्यासातही निघालं. तरी नियम रद्द व्हायला १ जानेवारी २०२४ उजाडावं लागलं, कारण डॉक्टरांचं म्हणणं असं की हा काढला तर आधीच कमी असलेले स्पेशालिस्ट राज्य सोडून जातील. ती भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही, पण वीस वर्षं तो तसाच चालू ठेवायला नको होता.

अलास्काच्या मागोमाग पंधरापेक्षा जास्त राज्यांनी रीइन्शुरन्सची परवानगी घेतली, पण आजारांची यादी करण्यापेक्षा बहुतेकांनी रकमेची मर्यादा घातली. मेरीलँडने एका माणसाचा वर्षाचा खर्च २०,००० डॉलरच्या वर गेला की अडीच लाखांपर्यंतच्या भागातले ८० टक्के फंडातून द्यायचे असं ठरवलं. तिथे २०१९ साठी कंपन्या सरासरी ३० टक्के वाढ मागत होत्या, प्रत्यक्षात हप्ता १३ टक्क्यांनी उतरला. न्यू जर्सीने तर अजून एक पाऊल टाकलं, केंद्राने विमा न घेणाऱ्यांचा दंड शून्य केल्यावर राज्याने २०१९ पासून स्वतःचा दंड लावला आणि तो पैसा रीइन्शुरन्सला वळवला. एडिसन, जर्सी सिटी भागात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, त्यातल्या ज्यांनी नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू केलंय किंवा दोन नोकऱ्यांच्या मधे आहेत त्यांच्या हप्त्यात या निर्णयाचा हात आहे, बऱ्याच जणांना माहीत पण नसतं.

आपल्याकडची तुलना थोडक्यात करते कारण विचारणारे विचारतात. भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. चांगलंच झालं. पण कर काढल्याने हप्ता एकदाच उतरतो, दवाखान्याचा खर्च वाढला की पुढच्या रिन्यूअलला तो परत चढायला मोकळा. आणि आपल्याकडे कंपनी आजारी माणसाला नाही म्हणू शकते, लोडिंग म्हणजे जादा हप्ता लावू शकते, आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, म्हणजे अलास्काने ज्या पेशंटचा भार वाटून घेतला तो पेशंट आपल्याकडे मुळात वर्गणीतच नसतो. म्हणून अलास्काची योजना इथे उचलून आणा असं म्हणता येत नाही, आधी त्या माणसाला आत घ्यावं लागेल.

अलास्काचं पुढे काय. २०२१ मध्ये केंद्राने सबसिडी वाढवली आणि तो चौपटीचा कडेलोट काढून टाकला, वरच्या उत्पन्नवाल्यांनाही उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त भरायला लागू नये अशी सोय झाली. त्या काळात साठीच्या त्या जोडप्यासारख्यांचा प्रश्न जवळजवळ मिटला होता. ती वाढीव सबसिडी २०२५ च्या अखेरीस संपली आणि २०२६ पासून कडेलोट परत आला. याचा रीइन्शुरन्सवर उलटा परिणाम होतो, कारण राज्याला मिळणारा पास-थ्रू म्हणजे केंद्राच्या सबसिडीतली बचत, आणि सबसिडीच कमी जणांना मिळाली तर बचतही कमी, मग फंडात केंद्राचा वाटा घटतो आणि राज्याला स्वतःचा जास्त घालावा लागतो. म्हणजे जेव्हा सबसिडीबाहेरच्या माणसाला या योजनेची सगळ्यात जास्त गरज आहे नेमक्या त्याच वेळी तिचा पैसा आटतो. अलास्काची सध्याची परवानगी २०२७ पर्यंत आहे. त्याच्या आत जुनोमध्ये परत एकदा ठरवावं लागणार आहे की प्रीमियम टॅक्समधले किती डॉलर इकडे वळवायचे, आणि या वेळी नुसता हप्ता उतरवून भागणार नाही, औषधांच्या आणि एअर ॲम्ब्युलन्सच्या दरांनाही हात घालावा लागेल.